न्हाणीला टाकी

आबा न्हाणीत पडले तेव्हा मी खोपोलीत एका कारखान्याच्या दाराशी पत्रकं वाटत होते. पत्रक मीच लिहिलं होतं. यंत्रांना जाळ्या बसवा, ओल्या फरशीवर कामगाराला उभं करू नका, अशा त्यात मागण्या होत्या. पाळी बदलल्याचा भोंगा झाला, माणसं आत गेली. उरलेली पत्रकं पिशवीत घालून मी एसटीची वाट बघत उभी राहिले. त्याच वेळी आमच्या घरी, ओल्या दगडावर, माझा बाप दाराला पाठ लावून पडला होता.

न्हाणीचं दार आत उघडायचं. आबा पडले ते नेमके दाराच्या आड. शेजाऱ्यांनी ढकललं की दार त्यांच्या बरगड्यांत रुतायचं. शेवटी दोघं वर चढले, कौलं काढली आणि एक जण वरून आत उतरला. मी पोचले तेव्हा आबा ओटीवर कांबळं गुंडाळून बसले होते. उजवं मनगट सुजून वाकडं झालं होतं.

"काय झालं नाय गं," ते म्हणाले. "कौलं बसवून घे आधी. सर येईल."

आबांनी उमेदीची सगळी वर्षं ठाकुरवाडीच्या बाजूला घाटात काढली, रेल्वेच्या टोळीत. रूळ तपासायचे, रुळाखाली खडी भरायची, पावसात दरड आली की उपसायची. निवृत्त झाल्यावर ते खालापूर तालुक्यातल्या आजोबांच्या घरात येऊन राहिले. आई दोन वर्षांत गेली. दादा मुंबईत एका कचेरीत कारकून. घरात उरलो मी आणि आबा. आबांच्या डब्याबरोबर लहानपणी घरी पत्रकं यायची. संघटनेची, सभांची, आणि आम्ही बुद्धाचा धम्म घेतल्यानंतरच्या वर्षांत तर थप्पीनं. आई ती पत्रकं भिंतीच्या भेगांवर चिकटवायची. मी वाचायला शिकले ती त्या भिंतीवरून. घरात पहिल्यांदा मोठ्यानं वाचलेला माझा शब्द 'निषेध' होता, असं आबा पाहुण्यांना सांगायचे.

कर्जतला नेऊन हात प्लास्टरमध्ये घातला. चौथ्या दिवशी दादा आला. तो आधी न्हाणीत गेला, बाहेर आला, रुमालानं पाय पुसले.

"तू दिवसभर खोपोलीला," तो मला म्हणाला. "यांना बघायला इथं कोण आहे? कौलं?"

"आणि तुझ्या चाळीत? तिसरा मजला, मोरी एवढीशी, संडास गॅलरीच्या टोकाला. तिथं कोण आहे?"

"तिथं माणसं असतात."

"माणसं रांगेत असतात."

आबा खराट्याची काडी प्लास्टरमध्ये घालून खाजवत होते. आमच्याकडे बघत नव्हते.

"दसऱ्याला येतो," दादा म्हणाला. "तोवर प्लास्टर निघेल. त्या दिवशी आबांनी एकट्यानं आंघोळ करून दाखवायची. माझ्यासमोर. म्हणजे मी दाराबाहेर. जमलं तर राहू देत. नाही तर येताना मी ट्रंक आणतो."

मला राग आला तो त्याच्या ट्रंकेचा. सत्तरीच्या उंबऱ्यावरच्या माणसाची परीक्षा घ्यायची, तीही आंघोळीची, आणि निकाल लावणार कारकून. मी तसं बोलूनही दाखवलं. दादा म्हणाला, "भाषण नको. न्हाणी दुरुस्त कर."

तो गेल्यावर आबा एकच वाक्य बोलले. "मुंबईला मी मरायला जायचा नाय. आणि हितं कुणाच्या हातानं आंघोळ करून घ्यायचा नाय."

म्हणजे प्रश्न एवढाच होता. माझ्या बापानं आपल्या घरात आपल्या हातानं अंगावर पाणी घ्यायचं, की तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच्या हातानं.

न्हाणी घराच्या मागच्या अंगाला होती. दोन पायऱ्या उतरून जायचं. आत काळ्या दगडाच्या तीन शिळा, त्यातली मधली हलणारी. कोपऱ्यात चूल, तिच्यावर पाण्याचा हंडा. गरम पाणी तांब्यानं उपसून बादलीत घालायचं, तर वाकून, वळून, हलत्या शिळेवर एक पाय ठेवून. आषाढात भिंतीपासून शेवाळ यायचं ते दिवाळीपर्यंत जायचं नाही. हे सगळं मी रोज बघत होते. रोज त्याच शिळेवर आंघोळ करून जगाच्या सुरक्षिततेवर लिहायला जात होते.

मी एका पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मागण्या लिहिल्या. दार बाहेर उघडेल असं करणे. पायऱ्या काढून सरळ उतार करणे. बसून आंघोळ करायला कट्टा, बादलीसाठी शेजारी दुसरा कट्टा, म्हणजे वाकायला नको. धरायला भिंतीत पक्की मूठ. नवी जमीन.

आबांना वाचून दाखवलं.

"मागण्या मान्य," ते म्हणाले. "संप मागं घे."

"नीट सांगा ना. आणखी काय पाहिजे?"

"दगड वाईट नाय गं. हलतो ते वाईट. तेच दगड पक्के बसव. गुळगुळीत काय नको आपल्याला."

हे वाक्य मी ऐकलं आणि चुकीचं ऐकलं. म्हणजे शब्द बरोबर ऐकले. पण मला त्यात ते जुनं 'आपल्याला' ऐकू आलं. चांगलं ते दुसऱ्यांचं, आपल्याला काय करायचंय. पिढ्यान्‌पिढ्या कमी मागायची सवय लागलेला माणूस बोलतोय असं मला वाटलं. याच सवयीविरुद्ध मी वाढले होते. भिंतीवर तेच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "आबा, आपल्याला सगळं पाहिजे."

त्यांनी खराट्याची काडी पुन्हा प्लास्टरमध्ये घातली. मग म्हणाले, "बरं."

गवंडी म्हणजे आईचा चुलतभाऊ, माझा मामा. आमच्याच बौद्धवाड्यातला. लाल कोबा घोटण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. सिमेंटात लाल रंग कालवून जमीन करायची आणि ओली असतानाच पाताळगंगेतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटत राहायचं, तोंड दिसेपर्यंत. मोठमोठ्या घरांच्या ओट्या त्यानं घोटल्या होत्या.

"त्या ओट्या वाळल्यावर कुणी परत पाय ठेवू दिला नाय मला," जमीन उकरताना तो म्हणाला. "पैसे बाहेर अंगणात. आपली घोटाई आपण लांबनं बघायची. ही न्हाणी मी अशी करीन, भाचे, का त्यांच्या देवघरात नसंल."

मला आणखी काय हवं होतं? मी म्हटलं, "कर मामा. आरसा कर."

मुठीसाठी मी चौक गावी गेले. तिथं हमरस्त्यावर गॅरेजं आहेत. एका गॅरेजवाल्याकडे अपघातातला ट्रक मोडायला आला होता. केबिनीत चढताना ड्रायव्हर जी दांडी धरतो ती त्यानं मला काढून दिली.

"ही कशाला?" त्यानं विचारलं.

"आमच्या आबांना. न्हाणीत."

"म्हाताऱ्याला लायसन काढून देताय का?" तो म्हणाला, पण दांडीला चार भोकं पाडून लांब बोल्ट दिले. "हिला धरून शंभर किलोचा सरदारजी चढायचा. निघायची नाय."

दांडी कुठे लावायची हे मात्र मामानं आबांना उभं करून ठरवलं. मी खडूनं खूण केली होती ती आबांनी डाव्या हातानं पुसली. "हितं नाय. मी उठताना हात हितं जातो." वीतभर खाली, दाराच्या बाजूला. मामानं तिथं भिंत फोडली.

मग चार दिवस तो घोटत बसला. उकिडवा, ओठ मिटून, गोटा गोल गोल फिरवत. जमिनीवर पाणी साठवून ठेवलं आणि बजावलं, दसऱ्याच्या दोन दिवस आधीपर्यंत आत पाय नाही. तोवर आबा मागच्या अंगणात, चादरीच्या आडोशाला बसून, ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचे. त्या दिवसांत ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

पाणी काढलं तेव्हा वाड्यातली माणसं बघायला आली. चपला लांब काढून. एका म्हातारीनं वाकून त्या लालीत आपलं तोंड बघितलं आणि पदर सारखा केला. मी कोरड्या पायांनी आत जाऊन फिरून दाखवलं. मामा दाराशी बिडी ओढत उभा होता, कोणाकडेच न बघता.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी आबा पहिल्यांदा आत गेले. प्लास्टर निघून आठवडा झाला होता, मनगट बारीक झालं होतं. कडी लावायची नाही असं आमचं ठरलं होतं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.

पाणी पडल्याचा आवाज. साबण घासल्याचा. पुन्हा पाणी. आबा गुणगुणायला लागले, आणि मला वाटलं, जिंकलो.

मग तांब्या पडला. तो घरंगळत जाऊन भिंतीवर आपटला, आणि त्याच्या मागून एक लांब, ओला, घासल्यासारखा आवाज आला. टाचेचा. गुणगुणणं थांबलं.

"आबा?"

दार बाहेर उघडतं, माझा हात त्याच्यावर होता.

"आबा, मी येते."

"आत यायचं नाय." आवाज दाताखालून आला.

मी दार ओढलं नाही. माझा हात ओढतच नव्हता. बाप आत उघडा आहे, पडलाय की नाही माहीत नाही, आणि त्यानं येऊ नको म्हटलंय. आतून श्वास ऐकू येत होता, घाटात इंजिन चढताना घेतं तसा, थांबून थांबून. दांडीचे बोल्ट एकदा करकरले. मी मनात त्या गॅरेजवाल्याचं वाक्य म्हणत होते, निघायची नाही, निघायची नाही. मग पायाची चाचपणी ऐकू आली, मग कट्ट्यावर अंग टेकल्याचा थपका. बराच वेळ काही नाही. मग धोतर नेसल्याची सळसळ.

दार उघडलं. आबा भिंत धरून बाहेर आले. तोंड पांढरं पडलं होतं.

"पडलो नाय," ते म्हणाले. "लोंबकळलो."

मी आत पाय ठेवला. साबणाच्या पाण्याखाली ती लाल जमीन तेलाच्या कढईसारखी होती. माझा पाय माझ्या आधी पुढे गेला. दांडी धरली म्हणून मीही उभी राहिले.

गुळगुळीत काय नको आपल्याला. ते 'आपल्याला' म्हणजे आमची जात नव्हती, आमची पिढी नव्हती. ते म्हणजे दोन पाय होते. जन्मभर खडीवरून चाललेला माणूस मला सांगत होता की ओल्यात पाय कशावर टिकतो, आणि मी त्याला स्वाभिमान शिकवत होते.

मी धावत मामाकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं.

"वरनं खरबरीत कर," मी म्हटलं. "छिन्नी मार. दादा उद्या येतोय."

"माझ्या घोटाईवर छिन्नी?" तो म्हणाला. "भाचे, म्हाताऱ्याला सांग, हळू चालायचं. जपून. गोणपाट टाक एक."

"गोणपाट सरकेल."

"तर मग मी नाय. फोडायची तर मी मेल्यावर फोड."

त्याच्याशी भांडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. आरसा कर म्हणणारी मीच.

घरी आले तर आबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, आईच्या पाट्याजवळ. त्यांची टाच लाल झाली होती. पाट्यावरून ते तळवा फिरवत होते.

"हा गुळगुळीत झाला की मिरची सरकायची," ते म्हणाले. "वाटलीच जायची नाय. मग तुझी आई काय करायची?"

"टाकी लावून घ्यायची."

"मग?"

टाकी लावणाऱ्या बायका तेव्हा गावोगाव फिरायच्या. खांद्यावर पोर, पिशवीत छिन्नी आणि हातोडी. पाटा, जातं झिजून गुळगुळीत झालं की त्याला बारीक बारीक टाके पाडून द्यायच्या. त्यांची पालं चौकला गॅरेजांच्या मागे असायची. मी मिळेल त्या टेंपोत बसून गेले. दुपारचा एक वाजला होता. बहुतेक बायका फिरतीवर गेलेल्या. एक मावशी भाकरी खात बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"न्हाणीला टाकी?" ती घास थांबवून म्हणाली. "आन् वाटायचं काय त्येच्यावर? मानूस?"

"माणूस उभा करायचाय, मावशी. उद्या सकाळच्या आत."

तिनं हात धुतले आणि छिन्नी घेतली.

ती न्हाणीत बसली तेव्हा मामा आला. त्याला कोणीतरी सांगितलं असणार. मावशीनं पहिला टाका मारला. लाल चकाकीवर पांढरा ठिपका उठला. मामानं तोंड फिरवलं आणि पाठ करून अंगणात बसला. टक, टक, टक. प्रत्येक घावाला त्याची मान किंचित खाली जायची. मी त्याच्याजवळ गेले नाही. त्याच्या हातानं पहिल्यांदा आमच्यासाठी काही चमकलं होतं, आणि ते मी मोडत होते. आधी त्याला चढवलं मीच, आता हे असं.

अर्धी जमीन झाल्यावर तो उठला. दारात उभा राहून बघत राहिला.

"आडवे टाके नको मारू," तो मावशीला म्हणाला. "पाणी अडंल. शेवाळ धरंल. मोरीच्या तोंडाकडं उतार हाय, त्या अंगानं घे."

"दिसत नाय मला उतार तुज्या चकाकीत."

"सरक." तो आत शिरला, खडूनं रेघा ओढल्या. मग तिथंच बसला आणि ती टाके मारत गेली तसा हातानं चुरा बाजूला करत गेला. दांडीखालच्या वीतभर जागेशी आल्यावर म्हणाला, "तेवढं राहू दे. तिथं पाय येत नाय."

तेवढा तुकडा राहिला. अजून आहे. आरशासारखा.

दसऱ्याला दादा सकाळच्या गाडीनं आला. हातात रिकामी ट्रंक होती, चालताना ती गुडघ्यावर वाजत होती. आपट्याची पानं दिली, आबांच्या पाया पडला, चहा घेतला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "चला."

आबा आत गेले. दार लोटलं. मी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला.

पाणी. साबण. आज गुणगुणणं नव्हतं. मग काहीच नाही. दादानं माझ्याकडे बघितलं. आतून थेंब पडल्याचा सुद्धा आवाज येईना. मला कालची टाच ऐकू येत होती, खरी नसलेली. दादाचा हात दाराकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"सोड," तो हळू म्हणाला.

"बोलावलं नाही त्यांनी."

"बोलवायला शुद्ध लागते."

त्यानं दाराला कान लावला. तेव्हा मला कळलं की ट्रंक त्यानं रागानं आणलेली नव्हती. तोही घाबरला होता, माझ्याइतकाच, फक्त दोन महिने आधीपासून आणि पन्नास मैल लांबून. तरी मी मनगट सोडलं नाही.

मग तांब्या वाजला. पाणी पडलं, आणखी पडलं, भसाभसा. आबा खाकरले. पायांचा आवाज आला, एकेक पाऊल सुटं सुटं, जमिनीला धरत धरत आलेलं. दार उघडलं. आबा धोतर नेसून, केस पुसत बाहेर आले.

"एवढा वेळ?" दादा म्हणाला.

"पाठ घासत व्हतो. दोन महिन्यांचा मळ हाय. तुला घाई हाय का?"

दादानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आत गेला. तळव्यांना साबण लावला, पाणी ओतलं आणि घसरून बघू लागला, एक पाय, मग दुसरा, रेटून. दांडीला लटकून बघितलं. दार आतून ढकलून बघितलं. कारकुनासारखी प्रत्येक बाब तपासली. बाहेर आला तेव्हा तळवे लाल झाले होते.

"पायाला बोचतंय," तो म्हणाला.

"बोचू दे," आबा म्हणाले.

दादा ओट्यावर बसला, पँट सरळ केली. "येता उन्हाळा आणि पुढचा पावसाळा जाऊ दे. मग बघू," एवढंच बोलला. आबांनी मला मांडवावरच्या काकड्या काढायला लावल्या. रिकामी ट्रंक घरातून जाऊ नये म्हणून. दादानं ती उचलली तेव्हा आत काकड्या लोळल्याचा आवाज आला आणि आबा पहिल्यांदा हसले.

टाके झिजतात. पाण्यानं, पायांनी, काथ्यानं घासून. पुढच्या वैशाखात मी अंगठ्यानं चाचपून बघितलं तर जमीन पुन्हा मऊ लागायला लागली होती. मी यावेळी आधी आबांना विचारलं. त्यांनी पाय घासून बघितला आणि मान हलवली. चौकला निरोप धाडला. मावशी सकाळीच आली, पिशवी खाली ठेवली आणि मागच्या दारी ओरडली, "कुठं हाय तुमचा पाटा, मानूस वाटायचा?"

"थांब जरा," आतून आबांचा आवाज आला. "अजून वाटून व्हायचाय."

मावशी तोंडाला पदर लावून हसली आणि ओट्यावर बसली. मी तिच्याशेजारी बसले. दार बंद होतं. आत तांब्या बुडत होता, वर येत होता, बुडत होता.